कुंडल रोड स्टेशन आता कुठे आहे?

केतकी_के | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. दिवाळीची उरलेली आवराआवर करताना माळ्यावरून आईच्या माहेरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. हिरवा रंग, कड्या गंजलेल्या, आत जुनी पंचांगं आणि एक फुटका कंदील. झाकणावर पांढऱ्या रंगाने हाताने काढलेली अक्षरं आहेत. वर पणजोबांचं नाव (म्हणजे आईचे आजोबा), त्याखाली 'कुंडल रोड' आणि त्याखाली 'एम. एस. एम. रेल्वे'.

रेल्वेच्या अॅपवर कुंडल रोड टाकलं तर काहीच येत नाही. आई म्हणते, तिचे आजोबा 'लोखंडाच्या कारखान्यात' होते. पण मी शोधलं तर कुंडलला साखर कारखाना दिसतो. तर प्रश्न दोन. हे स्टेशन आहे की बंद पडलं? आणि असेल तर आईला (वय ७६, गुडघे कुरकुरतात) घेऊन जाण्यासारखं आहे का? बसायला जागा, प्यायला पाणी, बाहेर रिक्षा वगैरे?

फाटकवाला | ३ नोव्हेंबर, रात्री ९:२२

किर्लोस्करवाडी.

केतकी_के | ३ नोव्हेंबर, रात्री ९:२५

एका शब्दात? अहो, जरा पदर सोडा की माहितीचा :)

मीटरगेज | ३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

फाटकवाल्यांचं उत्तर बरोबर आहे, पण अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणं म्हणजे पाप आहे. मी रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, मला राहवत नाही.

केतकीताई, पुणे-मिरज लाईनवर कराड सोडलं की शेणोली, भवानीनगर, ताकारी आणि मग किर्लोस्करवाडी. पुढे आमणापूर, भिलवडी, नांद्रे करत गाडी सांगलीत जाते. ही किर्लोस्करवाडी म्हणजेच तुमचं कुंडल रोड. स्टेशन बंद पडलेलं नाही, नाव बदललंय. म्हणून अॅपला सापडत नाही. किर्लोस्करवाडी टाका, किंवा नुसती केओव्ही ही अक्षरं टाका.

आता 'रोड'बद्दल. रेल्वेच्या नावात रोड दिसला की समजायचं, गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथून फुटतो. नाशिक रोड, वसई रोड, डहाणू रोड, कोकणात राजापूर रोड, संगमेश्वर रोड. इंजिनिअर लोक चढ-उतार, नदी, ओढे बघून लाईन टाकत. गाव वाटेत आलं तर आलं, नाही तर गावाने रस्त्याने यायचं. कुंडल लाईनपासून आत राहिलं, म्हणून कुंडल रोड.

'एम. एस. एम.'वरून तुमच्या ट्रंकेचं वय काढता येतं. ही लाईन टाकली सदर्न मराठा रेल्वेने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. १९०८ साली ती मद्रास रेल्वेत मिळवली आणि मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, म्हणजे एम. एस. एम. झाली. १९५१ला ती सदर्न रेल्वेत गेली. म्हणजे अक्षरं या दोन सालांच्या मधली. त्यात पुन्हा कुंडल रोड हे जुनं नाव आहे, म्हणजे त्यातल्याही अलीकडच्या टोकाची नव्हेत. ट्रंक जपा. पॉलिश वगैरे मारू नका.

निवांत_पाटील | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

केतकीताई, आमच्या भागात स्वागत हाय. साखर कारखाना कुंडलला हाय ते खरं, पण तो जी. डी. बापू लाडांच्या नावाचा, अलीकडचा. तुमचं पणजोबा ज्या लोखंडाच्या कारखान्यात व्हतं तो किर्लोस्करांचा नांगराचा कारखाना. अजून चालू हाय, आता पंप करत्यात. स्टेशनातनं बाहेर पडलं की लांब जायाला नको.

आमची आज्जी मरेस्तोवर 'रोडला जाऊन येतो' असंच म्हणायची. वाडी म्हणायची न्हाई. म्हातारी माणसं नाव बदललं म्हणून ऐकत न्हाईत.

चष्मिष्ट | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली). नांगराचा विषय निघालाच आहे तर थोडं माझ्याकडून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावात जागा नगरपालिकेच्या विस्तारात जाणार म्हणून बाडबिस्तरा गुंडाळायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात या म्हणून सांगितलं आणि कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. हे १९१० साल. माळ म्हणजे माळच. निवडुंग आणि साप. पाण्याची बोंब.

लोकांना वाटतं, राजाने जमीन दिली म्हणून कारखाना तिथे झाला. मला वाटतं स्टेशन होतं म्हणून झाला. औंध संस्थान म्हणजे एकसंध मुलूख नव्हता. औंध इकडे, आटपाडी तिकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ थेट विजापूरकडे. राजाकडे माळांना काय तोटा? पण बिडाचं लोखंड आणि कोळसा आत आणायचा आणि नांगर बाहेर धाडायचे, तर रूळ पाहिजेत. कुंडलच्या तुकड्याला तेवढे रूळ लागून गेलेले. आणि बेळगाव ते कुंडल रोड ही एकाच कंपनीची, एकाच गेजची लाईन. बेळगावला वॅगनमध्ये माल भरला की मध्ये कुठे उतरवायला नको. मीटरगेजकाका, बरोबर ना?

आणि शेतकरी तेव्हा म्हणत, लोखंडी नांगराने जमिनीला विष लागतं. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. अशा अवस्थेत माळावर वसाहत काढायची म्हणजे कमालच.

मीटरगेज | ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

बरोबर. बेळगाव-मिरज-पुणे सगळं मीटरगेज. गेज बदलायचं ते पुण्याला. मुंबईकडून येणारी ब्रॉडगेज, तिथे माल या वॅगनमधून त्या वॅगनमध्ये. हमालांची चांदी आणि मालाची मोडतोड. मिरजेत तर १९२७ला बार्शी लाईटही येऊन मिळाली, मग नॅरोगेज धरून पुढे तिन्ही गेज एका स्टेशनात आली. आम्हा लोकांना मिरज म्हणजे पंढरी.

मोरपंखी | ४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

किर्लोस्करवाडी म्हटलं की मला नांगर नाही आठवत, मासिकं आठवतात. आमच्या घरी माळ्यावर गठ्ठे होते. 'किर्लोस्कर खबर' १९२०ला तिथूनच निघालं, आधी कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी, मग त्याचं मासिक झालं. 'स्त्री' १९३०ला, 'मनोहर' १९३४ला. विचार करा, मुंबई-पुणं सोडून एका माळावरच्या खेड्यात छापखाना, आणि तिथून मासिकं महाराष्ट्रभर. बायकांनी नोकरी करावी का, नऊवारी की पाचवारी, संततिनियमन असावं का, याची भांडणं त्या छोट्या स्टेशनातून टपालाच्या डब्यात बसून गावोगाव जात होती.

ब्रेकव्हॅन | ४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

तिथेच प्रतिसरकारवाल्यांनी पगाराची गाडी लुटली ना? कुंडल रोडलाच बहुतेक. कुठेतरी वाचलंय.

निवांत_पाटील | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

न्हाई दादा. ते शेणोलीला. ७ जून १९४३. माणसं कुंडलची म्हणून तुमचा घोळ झाला. तुफान सेनेचं, म्हंजे प्रतिसरकारच्या फौजेचं मुख्य ठाणं कुंडल, जी. डी. बापू लाड आमच्या कुंडलचं, कॅप्टन भाऊ पण कुंडलचं. पण गाडी अडवली शेणोलीजवळ. रुळावर दगड रचलं. गाडीत सरकारी पगाराचा पैसा व्हता. गाडी मागं बी पळू नये म्हणून मागच्या अंगाला बी दगड टाकलं. शेणोलीत रुळाशेजारी स्मारक हाय, गाडीतनं जाताना बघा.

आणि आमच्यात त्याला 'लूट' म्हटलेलं म्हाताऱ्यांना चालत नव्हतं. आपलाच पैसा परत आणला, असं म्हणायचं.

ब्रेकव्हॅन | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३१

धन्यवाद, दुरुस्ती मान्य. लूट शब्द मागे.

दगडफोड्या | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४५

१९४८ला वाडीतला कारखाना जाळला गेला, त्याबद्दल कोणी का बोलत नाही? की सोयीचा इतिहास तेवढाच…

संपादक_मंडळ | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कारखान्याला आग लागली होती, हे खरं आहे. पण त्या विषयावरचे मागचे दोन्ही धागे कुठे जाऊन पोचले ते सगळ्यांना आठवत असेल. इथे एक ताई आईला कुठे न्यायचं ते विचारत आहेत. त्यावर बोलायचं असेल तर वेगळा धागा काढावा. पुढचे सात प्रतिसाद उडवले आहेत.

केतकी_के | ४ नोव्हेंबर, रात्री १०:००

मी दिवसभर ऑफिसात होते, आत्ता वाचतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती नांगराच्या विषावर अडकली आहे. म्हणते, तिच्या आजीकडून हेच ऐकलंय! सगळ्यांचे आभार. पण मंडळी, गुडघ्यांचं काय?

सातारची_लेक | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

गुडघ्यांचं नंतर, आधी 'रोड'मध्ये माझीही भर. आमच्याकडे गावच स्टेशनच्या नावाने ओळखलं जातं. कोरेगाव तालुक्यात 'वाठार स्टेशन'. एसटीच्या पाटीवर पण वाठार स्टेशन. परगावचा पाहुणा विचारतो, स्टेशन नको हो, गावात जायचंय. त्याला सांगावं लागतं, बाबा हेच गाव. (कराडजवळचं वाठार वेगळं. तिकडे जाऊन बसलेला एक जावई आमच्या घरात आहे.)

हे वाठार एके काळी महाबळेश्वरचं स्टेशन होतं. मुंबईचे साहेब आणि पारशी शेटजी पुण्याहून गाडीने वाठारला उतरायचे आणि तिथून टांग्याने वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. चाळीस मैल! आज वाठारला गाडी थांबते तेव्हा चहावाल्याकडे चार माणसं असतात, पण उन्हाळ्यात टांग्यांची रांग लागत असेल त्या काळी.

आणि सातारा शहराचं जुनं स्टेशन म्हणजे सातारा रोड, पाडळीला. तिथेही कारखाना झाला, धनजीशा कूपर यांचा, १९२२ला. नांगर आणि नंतर इंजिनं. हेच कूपर १९३७ला मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झाले, थोडे महिनेच का होईना. ब्रॉडगेज होताना लाईन साताऱ्याच्या जवळून नेली, माहुलीला नवं स्टेशन झालं आणि सातारा रोडचा 'रोड' गेला. आता नाव फक्त गावाला उरलंय.

चष्मिष्ट | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

रोचक! म्हणजे एकाच लाईनवर, एकाच काळात, दोन 'रोड' स्टेशनांशेजारी नांगराचे दोन कारखाने. आणि दोन्हीकडे कर्मवीर भाऊराव पाटील. आधी ते किर्लोस्करांचे नांगर खपवायचे, नंतर कूपरकडे गेले.

बाकरवडी_दोन_प्लेट | ५ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

माझं आयडी बघून ओळखलंच असेल मी कशावर येणार. किर्लोस्करवाडीनंतर दुसरं स्टेशन भिलवडी. तिथेही 'भिलवडी स्टेशन' अशी वेगळी वस्ती आहे, मूळ गाव कृष्णेच्या काठी. भा. ग. चितळे यांनी १९३९ला दुधाचा धंदा तिथे सुरू केला. का तिथे? नदीकाठ म्हणून वैरण, वैरण म्हणून दूध, आणि स्टेशन म्हणून मुंबई-पुणं. पुण्याचं दुकान १९५०चं, म्हणजे बरंच नंतरचं. पुणेकरांनी हे वाचून घ्यावं. तुमची बाकरवडी मुळात सांगली जिल्ह्यातली, रेल्वेने आलेली आहे.

औदुंबरला दत्ताला जायचं तरी भिलवडीलाच उतरायचं. केतकी, आईंना घेऊन जातेच आहेस तर तिथेही नेऊन आण.

पुणेरी_टोमणा | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

दूध तुमचं, बाकरवडी आमची. दुपारी एक ते चार या विषयावर प्रतिसाद स्वीकारले जाणार नाहीत.

फाटकवाला | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

गुडघे.

पुण्याहून दिवसा जायचं तर कोयना एक्सप्रेस. सकाळी मुंबईहून निघते, दुपारी पुणं, उन्हं उतरताना वाडी. महालक्ष्मी नको, ती पहाटे उतरवते. वंदे भारत पण थांबते, पुणे-कोल्हापूरवाली, सप्टेंबर २०२४पासून. आठवड्यातून तीन दिवस. सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. सासरेबुवांना तिनेच नेतो.

थांबा दोनच मिनिटांचा. ताकारी गेलं की उठायचं. सामान आधी दाराशी. आईंना मध्ये ठेवा. डबा फलाटाच्या टोकाला येतो की मध्यावर, हे चढतानाच टीसीला विचारा.

केतकी_के | ५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

वंदे भारत! मला वाटलं आडस्टेशन असेल. फाटकवालेकाका, आज तुम्ही चक्क परिच्छेद लिहिलात.

कोचिंग_क्लर्क | ५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सुविधांबद्दल एक सर्वसाधारण गोष्ट सांगतो, कारण हा प्रश्न सारखा येतो. कुठल्या स्टेशनला काय मिळणार हे गावावर नाही, स्टेशनच्या वर्गावर ठरतं. २०१७पासून वर्ग उत्पन्न आणि प्रवासीसंख्या पाहून लावतात. उपनगरी सोडून बाकी स्टेशनांचे सहा, उपनगरीचे तीन, हॉल्टचे (म्हणजे अगदी छोट्या थांब्यांचे) तीन. त्यानुसार किती नळ, किती बाकं, किती शेड, किती संडास याचा किमान आकडा ठरतो. म्हणजे तिकीट न काढता प्रवास करणारे आपल्याच गावाची बाकं कमी करत असतात.

हॉल्टवर तर रेल्वेचा माणूसही नसतो बऱ्याच ठिकाणी. गावातलाच कोणीतरी कमिशनवर तिकिटं विकतो. गाडी यायच्या आधी अर्धा तास खिडकी उघडणार, गाडी गेली की कुलूप लावून शेतावर.

गुडघ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे फलाटाची उंची. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटीमीटर असतो, त्यावर उतरायला त्रास नाही. जिथे फलाट जमिनीबरोबर तिथे डब्याच्या पायऱ्या उतरून शेवटी उडीच मारायची. चाकाची खुर्ची हवी असेल तर १३९ला फोन करून ठेवा, आदल्या दिवशी. ऐनवेळी मागितली तर छोट्या स्टेशनवर धावपळ होते.

वैतागवाडी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

कागदावर सगळं असतं हो. आमच्याकडच्या एका स्टेशनावर (नाव घेत नाही, घेतलं तर आमचाच चहा बंद होईल) बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप. किल्ली मागितली तर म्हणे पॉइंट्समनकडे (रुळांचे सांधे बदलणारा). पॉइंट्समन केबिनला. केबिन अर्धा किलोमीटर. माझी बायको सात महिन्यांची गरोदर होती तेव्हा. मी किल्ली घेऊन येईपर्यंत गाडी लागली. तक्रार वहीत लिहिली. पुढच्या वेळी गेलो तर कुलूप नवीन होतं.

मोरपंखी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३३

'कुलूप नवीन होतं' :D :D हसू की रडू.

केतकी, म्हणून सांगते, गाडीतच जाऊन घ्यायचं. कुठल्याही स्टेशनावर विसंबायचं नाही. हा बायकांचा अलिखित टाइमटेबल आहे.

मीटरगेज | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

झोप लागली नाही, म्हणून लिहितो. ताईंच्या पणजोबांनी ते स्टेशन कसं पाहिलं असेल ते सांगतो. मी लागलो तेव्हा अशी स्टेशनं शिल्लक होती.

लाईन एकेरी. एका वेळी दोन स्टेशनांच्या मधे एकच गाडी. तिचा परवाना म्हणजे गोळा. मास्तरांच्या खोलीत लाल यंत्र, शेजारच्या स्टेशनातही तसंच, दोन्ही तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने घंटी देऊन संमती दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून गोळा निघत नाही, आणि एक बाहेर असताना दुसरा निघत नाही. गोळा चामड्याच्या पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या रिंगला अडकवलेलं. न थांबणारी गाडी असेल तर पॉइंट्समन रिंग उंच धरून उभा. फायरमन इंजिनातून वाकून हात तिच्यातून घालायचा आणि त्याच वेळी मागच्या स्टेशनचा गोळा खाली टाकायचा. रात्री मशालीच्या उजेडात. रिंग कोपरावर बसली की पंधरा दिवस हात काळानिळा.

घंटा म्हणजे रुळाचाच एक तुकडा, तारेने टांगलेला. गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की टोले. ते ऐकून लोक घरातून निघत. तिकीट पुठ्ठ्याचं, दोन बोटांत मावेल एवढं. खिडकीच्या आत तारखेचं लोखंडी यंत्र, त्यात तिकीट सारलं की 'खट्क'. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. मास्तर तिकीट काढतो, गोळा काढतो, मालाची पावती फाडतो आणि मधेच बाहेर येऊन हिरवी झेंडी दाखवतो, सगळं एकच माणूस. लोखंड उतरायचं ते मालधक्क्यावर.

हे सगळं एकदम नाही गेलं. १९७१ला लाईन ब्रॉडगेज झाली, कोल्हापूरपर्यंत. महालक्ष्मी त्याच वर्षीची. मग पुण्यात डबे बदलायचं बंद झालं, मुंबईची माणसं झोपून थेट यायला लागली. आता दुसरी लाईन, वर विजेची तार. क्रॉसिंगला तासभर पडून राहायचं आणि तेवढ्यात खाली उतरून भेळ खायची, ते सुख गेलं. गाडी वेळेवर पोचते, हेही खरं.

फाटकवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:००

सलाम.

निवांत_पाटील | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

काका, काटा आला अंगावर. ताई, येणार असाल तर डिसेंबरात या. ऊस चालू असतोय, थंडी असती. फक्त रस्त्याला ट्रॅक्टर लई, दोन-दोन ट्रॉल्या लावून. रिक्षावाल्याला घाई करू नका. सागरेश्वरला हरणं बघायची असली तर मातूर ताकारीच्या अंगानं जावा. माणसानं केलेलं अभयारण्य हाय, माळावर झाडं लावून.

केतकी_के | १५ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, जाऊन आलो!

कोयनेने गेलो. शिंदवणे घाटात आईला जाग, आदर्कीच्या बोगद्यांत पुन्हा जाग, मधे घोरत. शेणोलीला मी खिडकीशी सरकले, स्मारक दिसलंसं वाटलं, गाडी वेगात होती. ताकारी गेल्यावर फाटकवालेकाकांच्या आज्ञेप्रमाणे उठून दाराशी. समोर एक काका बसले होते, ते म्हणाले, 'वाडी का? बसा, अजून दहा मिनिटं हायत.' आई बसली नाही.

उतरून आधी पिवळ्या पाटीजवळ गेलो. काळी अक्षरं, किर्लोस्करवाडी, तीन लिप्यांत… म्हणजे दोनच लिप्या, मराठी आणि हिंदी सारखंच की. आईने पाटी पूर्ण वाचली, खाली लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंचीसुद्धा. मग म्हणाली, 'रोड कुठाय?'

मी म्हटलं, अगं नाव बदललंय, सांगितलं ना. तर म्हणे, 'नाव नाही गं. रस्ता. कुंडलला जाणारा.' तिला तोच बघायचा होता. मग रिक्षा केली. निवांतदादा, खरंच ट्रॅक्टर! एका ट्रॉलीच्या मागे वीस मिनिटं. ऊस पडलेला रस्त्यावर, पोरं तो ओढून पळत होती. आई म्हणाली, तिचे आजोबा कुंडलच्या बाजाराला चालत जात असं तिने ऐकलंय. गुडघ्यांनी तक्रार केली नाही, आश्चर्य आहे.

दुसऱ्या दिवशी औदुंबर. बाकरवडीताई, धन्यवाद, नदीकाठी आई तासभर बसली.

ट्रंकेच्या झाकणाचा फोटो टाकायचा राहिला होता, आता टाकते आहे.

रंगाऱ्या | १६ डिसेंबर, सकाळी ८:५५

मी पाट्या रंगवायचो, फ्लेक्स यायच्या आधी. फोटो मोठा करून बघितला. 'कुंडल रोड'च्या खाली अजून एक नाव आहे. हिरवा रंग दुसऱ्यांदा मारलाय तिथे, आणि आधीच्या अक्षरांचा जाड रंग उठून दिसतोय. 'रोड'च्या ड खाली एक काना दिसतो जो ड चा नाही.

ब्रेकव्हॅन | १६ डिसेंबर, सकाळी ९:१०

रॉकेलचं बोट फिरवा, वरचा रंग निघेल.

रंगाऱ्या | १६ डिसेंबर, सकाळी ९:१२

अजिबात नको!! दोन्ही जातील. रात्री खोलीत अंधार करा, टॉर्च झाकणाला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि बाजूने बघा. जाड रंगाची सावली पडते, वाचता येतं.

केतकी_के | १६ डिसेंबर, रात्री १०:२५

केलं. आईने टॉर्च धरला, मी जमिनीवर आडवी पडून वाचलं. वरचं नाव तेच, पणजोबांचं. खाली दोन ओळी. 'शहापूर' आणि 'बेळगांव'.

चष्मिष्ट | १६ डिसेंबर, रात्री १०:३१

अरे!! म्हणजे कारखान्याबरोबर आलेले दिसतात. बेळगावहून निघताना किंवा इथे पोचल्यावर पत्ता बदलून घेतला.

मीटरगेज | १६ डिसेंबर, रात्री १०:४०

त्याच लाईनने. मिरजेवरून. गाडी न बदलता.

केतकी_के | १६ डिसेंबर, रात्री १०:५५

आईला बेळगावचं काहीच माहीत नाही. तिच्या घरात कोणी कधी बोललं नाही म्हणे. टॉर्च अजून तिच्याच हातात आहे, झोपायला तयार नाही. शहापूर म्हणजे बेळगावात नेमकं कुठे? इथे कोणी बेळगावकर आहे का?

कुंदा_अर्धा_किलो | १६ डिसेंबर, रात्री ११:०८

आहे की. शहापूरचाच आहे. बोला.